मोदकाचा दर

गेल्या मे महिन्यात गुहागरला मावशीकडे होतो. दुपारी अकरा जणांचं एक कुटुंब जेवून उठलं, आंचवून पडवीत टेकलं, आणि हिशेबाच्या वेळी त्यांच्यातल्या एका कॉलेजवयीन मुलाने मोबाइल काढून मावशीपुढे धरला. "काकू, इथे पंचवीस लिहिलंय." मावशीच्या दाराशी एक फळा टांगलेला असतो. रोज सकाळी ती त्यावर ओलं फडकं फिरवते आणि खडूने त्या दिवसाचं जेवण लिहिते. त्यावर 'उकडीचे मोदक, नग ३५' होतं. मोबाइलवर मी बांधलेली मावशीची साइट उघडलेली होती, आणि तिथे 'नग २५'. मुलगा भांडत नव्हता, उलट थोडा ओशाळला होता. मोदक चाळीस झाले होते. मावशीने चष्मा वर सरकवून आधी मोबाइल पाहिला, मग फळा पाहिला, मग जरासं माझ्याकडे पाहिलं. "लिहिलंय ना आपण, मग पंचवीसच," असं म्हणत तिने वहीतले मोदकांचे १४०० खोडून १००० केले. माणसं आनंदात गेली, जाताना कोकम आगळाच्या दोन बाटल्याही घेऊन गेली.

चारशे रुपयांचं मला फार काही वाटलं नसतं.

रात्री मोदकपात्र घासताना ती पाठमोरीच म्हणाली, "मी बदललं होतं रे ते. म्हणजे, बदललं असं वाटलं होतं मला." विहिरीकडच्या दिव्याभोवती पाखरं जमली होती, आतून काकांच्या बातम्यांचा आवाज येत होता, आणि मी "बघतो" एवढंच म्हणालो. झोपाळ्यावर बसून लॅपटॉप उघडला. मावशीच्या अंगणात मोबाइलला रेंज मिळते ती झोपाळ्यावर आणि विहिरीच्या कठड्यापाशी. मेलमधल्या ज्या कप्प्यात मी कधी डोकावत नाही, तिथे तीन आठवड्यांपूर्वीचं एक पत्र पडलेलं होतं. विषय: बिल्ड फेल्ड.

मावशीने खरोखरच दर बदलला होता. साइट मी चार वर्षांपूर्वी ह्यूगोवर, म्हणजे मजकुराच्या फाइलींमधून पानं बनवणाऱ्या प्रोग्रामवर, बांधली होती. त्यात प्रत्येक पदार्थाची एक साधी मजकुराची फाइल, फाइलच्या डोक्यावर नाव, दर, वर्णन अशा चार-पाच ओळी. फाइल बदलून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ठेवली की पुढचं यंत्र करतं, पानं तयार होऊन साइटवर चढतात. मावशीने मोबाइलवरून ती फाइल उघडली होती, २५ चे ३५ केले होते, आणि हात बसल्यासारखं वाटलं असेल म्हणून वर्णनाच्या ओळीत आपल्या मनाने भर घातली होती. 'वर्णन: मोदक: दोन तास आधी सांगावे.' यातला पहिला अपूर्णविराम यंत्राचा, दुसरा मावशीचा. ते दोन ठिपके आणि त्यांच्यापुढची रिकामी जागा म्हणजे डावीकडे नाव आणि उजवीकडे त्याचा मजकूर, एवढंच त्या यंत्राला ठाऊक. एका ओळीत हे दोनदा आलं तेव्हा ते अडलं आणि त्याने काम टाकून दिलं. अशा वेळी जुनं पान तसंच राहतं, म्हणजे चुकीमुळे साइट बंद पडत नाही. किती छान सोय आहे, हे मी चार जणांना कौतुकाने सांगितलेलं आहे. त्या सोयीने तीन आठवडे मोदक पंचवीस रुपयांचे दाखवले. आणि चूक झाल्याचं पत्र मला आलं, मावशीला नाही, कारण पत्ता मी माझा दिला होता.

तिला शिकवलं होतं ते आठवलं. दिवाळीची सुट्टी, चकल्यांचा घाणा उतरलेला, आणि ओट्यावर तेलकट बोटांनी मोबाइल धरून बसलेली मावशी. पेन्सिलीचं चित्र दाबायचं, आकडा बदलायचा, मग खाली जाऊन 'कमिट' दाबायचं. "कमिट म्हणजे रे काय?" "म्हणजे... जतन करायचं." "मग जतन का नाही लिहीत?" मी हसलो होतो. आणि मग ब्रँच म्हणजे काय, ते कसं घराच्या नकाशाच्या प्रतीसारखं असतं वगैरे पाच मिनिटं बोललो होतो. तिने सगळं एका जुन्या कॅलेंडरच्या मागे पायऱ्या पाडून लिहून घेतलं. ते पान अजून फ्रिजला चिकटलेलं आहे. सहावी पायरी आहे 'हिरवं बटण दाबणे व वाट बघणे'. किती वाट बघायची आणि काहीच झालं नाही तर काय, हे त्यात नाही. मी सांगितलंच नव्हतं.

ह्यूगो का निवडलं, याची उत्तरं माझ्याकडे तयार होती. पानं हलकी, फोटो सोडले तर काही केबींची, त्यामुळे एक काडी रेंजवरही उघडणारी. ठेवायला पैसे लागत नाहीत. मागे डेटाबेस नाही, म्हणून कोणी घुसायची भीती कमी. सगळी खरी आहेत. पण झोपाळ्यावर त्या रात्री जे मनात आलं ते वेगळं होतं: मला ते बांधताना मजा आली होती. दोन शनिवार-रविवार घालवून, एकही तयार टेम्प्लेट न घेता, प्रत्येक ओळ हाताने लिहिली होती. फॉन्ट 'मुक्त' नावाचा घ्यायचा की 'बलू' यावर एक अख्खी संध्याकाळ गेली होती. ऑफिसातल्या दोघातिघांना कोड दाखवला, त्यांनीही वाहवा केली. मावशीला मी फक्त पान दाखवलं. तीही छान म्हणाली. भाच्याने केलेलं काय वाईट म्हणणार?

हा ताठा जुना आहे. २००१ साली सांगलीच्या कॉलेजात असताना तासाला तीस रुपये देऊन सायबर कॅफेत बसायचो आणि दिसेल त्या साइटवर उजवं बटण दाबून 'व्ह्यू सोर्स' करायचो, म्हणजे पानामागचा कोड बघायचो. नोटपॅडमध्ये ते उतरवून घरी न्यायचं, मोडायचं, पुन्हा जोडायचं. जिओसिटीज या फुकट पानं ठेवायच्या साइटवर माझं एक पान होतं. काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं, वर मार्की लावून 'आपले स्वागत आहे' डावीकडे सरकत राहायचं. ते सुषा फॉन्टात होतं, त्यामुळे ज्याच्या संगणकावर सुषा नाही त्याला रोमन अक्षरांची भेळ दिसायची. मग पेंटमध्ये मराठी लिहून त्याचा फोटोच चिकटवला. फोटो सरकताना अडखळायचा, पण मराठी दिसायची. त्या फोटोभोवती मी तक्त्याच्या आत तक्ता, त्याच्या आत तक्ता असं काय काय रचलं होतं, आणि त्याचा मला काय अभिमान!

वर्गातली बाकीची पोरं फ्रंटपेजमध्ये काम करायची. त्यात वर्डसारखं टाइप करायचं, बटणं दाबायची, पान तयार. त्यांचं पान अर्ध्या तासात व्हायचं, माझं दोन दिवसांत. सरांना त्यांचंच आवडायचं. मी मागून कोड उघडून बघायचो आणि नाक मुरडायचो: एका शब्दाला ठळक करायला तीन-तीन टॅग (कोडमधल्या खुणा), रिकाम्या ओळींची रांग, कशाचा कशाला पत्ता नाही. पुढे कुठून तरी मिळालेल्या सीडीवर ड्रीमविव्हर हाती लागलं. त्यात अर्ध्या पडद्यावर पान आणि अर्ध्यावर कोड एकदम दिसायचा. पानावर चित्र पकडलं की खाली त्याचीच ओळ निळी व्हायची. खरं सांगायचं तर निम्मं एचटीएमएल, म्हणजे पानं लिहायची ती भाषा, मी त्या निळ्या ओळीकडे बघत शिकलो. नंतर नोकरीत मात्र कोणी विचारलं, की "नोटपॅडवर शिकलो," असंच सांगत आलो. फ्रंटपेज गेलं, जिओसिटीजही २००९ साली बंद झालं. माझं सरकतं स्वागत त्यातच गेलं. फ्रंटपेजवाल्यांपैकी एक जण आज माझ्यापेक्षा मोठ्या हुद्द्यावर आहे, हे जाता जाता.

गंमत अशी की ज्याने वेब बनवलं त्याला हा भेद नकोच होता. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत पहिला ब्राउझर लिहिला, तोच संपादकही होता. जिथे वाचायचं तिथेच लिहायचं, टॅग हाताने लिहायची गरजच नाही. पण तो चालायचा नेक्स्ट नावाच्या महागड्या संगणकांवर. १९९३ साली मोझॅक नावाचा ब्राउझर आला, साध्या संगणकांवर चालला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. तो वाचण्यासाठी होता. लिहिणारे वेगळे झाले, वाचणारे वेगळे झाले, आणि लिहिणाऱ्यांची एक जात तयार झाली. त्यानंतरची तीस वर्षं फ्रंटपेजपासून आजच्या विक्सपर्यंत जो तो ही दरी बुजवायला बघतोय, आणि माझ्यासारखे लोक काठावर उभे राहून बुजवणाऱ्यांना हसताहेत.

आता ओळखीतली माणसं एकेक करून डोळ्यांपुढे आणली, तर कोडिंग येणं किंवा न येणं असा सरळ हिशेब कुठेच बसत नाही. आमच्या सोसायटीतल्या एक निवृत्त शिक्षिका २००८ पासून ब्लॉगरवर कविता लिहितात. त्यांच्या पानाची थीम इतकी जुनी आहे की मला तिथे गेल्यावर कॉलेजात गेल्यासारखं वाटतं. इतक्या वर्षांत त्यांनी एचटीएमएलला एकदाच हात लावला, किती जण आले ते मोजणारा आकडा चिकटवायला. त्यांना दुसरं काही नको आहे आणि त्यांना दुसरं काही सुचवणं हा आगाऊपणा होईल (मी एकदा केला आहे). माझा एक आर्किटेक्ट मित्र कोडची ओळ लिहीत नाही, पण वेबफ्लो या बटणं दाबून साइट बांधायच्या साधनावर त्याने केलेली साइट बघून मी गप्प झालो. वेबफ्लोच्या बटणांवर जे शब्द असतात, मार्जिन, पॅडिंग, फ्लेक्स, ग्रिड, ते सीएसएसचेच, म्हणजे पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या कोडचेच, आहेत. टाइप करण्याऐवजी दाबायचे इतकंच. ज्याला चौकटीत चौकट कशी बसते हे कळत नाही, त्याला ती बटणं काही उपयोगाची नाहीत. मित्राला कुणी शिकवावं लागलं नाही. "पॅडिंग म्हणजे खोलीच्या आतली मोकळी जागा, मार्जिन म्हणजे दोन घरांमधली बोळ," तो म्हणाला आणि कामाला लागला. याउलट माझा एक सहकारी दहा वर्षं जावा या भाषेत बँकेच्या व्यवहारांचा कोड लिहितोय. बायकोच्या भरतकामासाठी साइट करायला त्याने तेच वेबफ्लो उघडलं आणि एक फोटो पानाच्या मधोमध आणण्यात त्याचा रविवार गेला. तिने शेवटी विक्सवर संध्याकाळच्या चहाआधी स्वतः केली. फोटो बोटाने ओढायचा, हवा तिथे सोडायचा. मोबाइलवर दोन गोष्टी एकमेकींवर चढल्या, त्या तिने मोबाइलच्या मांडणीत जाऊन वेगळ्या सरकवल्या.

फुकट मात्र काही मिळत नाही. असं ओढून-सोडून बांधलेलं घर पुष्कळदा त्या कंपनीच्या जमिनीवरचं असतं. उद्या भाडं वाढलं तर मजकूर उतरवून नेता येतो, भिंती तिथेच. दुसऱ्या टोकाला स्वतःच्या सर्व्हरवरचं वर्डप्रेस, म्हणजे साइट चालवायचा एक प्रोग्राम. ते तुमचं, हवं तिकडे न्या, पण घर तुमचं म्हणजे कौलं शाकारणंही तुमचं. एका ओळखीच्या छोट्या कारखान्याला मी तसं लावून दिलं होतं. तीन वर्षं कोणी प्लगइन, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्राम, अद्ययावत केली नाहीत, मीही विचारलं नाही. एके दिवशी त्यांचं नाव गुगलवर शोधलं तर खाली जपानी भाषेत बुटांच्या जाहिराती; कोणी तरी साइटमध्ये घुसलं होतं. मालकांनी मला फोन करून शांतपणे विचारलं, "आपण बूट कधी सुरू केले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात लुडबुडत होतो. पुन्हा मोदक होते, वीस. मावशीने उकळत्या पाण्यात तूप-मीठ घालून आंबेमोहोराची पिठी वैरली, झाकण ठेवलं, आणि चटके बसत असतानाच परातीत घेऊन पाण्याच्या हाताने मळायला लागली. तिचा मोदक बघणं हा कार्यक्रम असतो. लिंबाएवढा गोळा, अंगठा आत आणि बोटं बाहेर, वाटी फिरते तशी कड पातळ होत जाते. मग चिमटीत चिमटी घेत मुखऱ्या, सतरा-अठरा, एकीसारखी दुसरी. सारण पडतं, तळहात हलके मिटतात आणि नाक वर येतं. शेजारी पाटावर तिच्या मदतीला येणारी मुलगी बसली होती, बारावी झालेली, जानेवारीपासून येते. तिच्या हातात निळ्या प्लॅस्टिकचा साचा.

मला धक्काच बसला. गणपतीत कुणी साच्यातले मोदक पाठवले तर ताट बघूनच मावशी "हं" म्हणते. तो हं मी लहानपणापासून ऐकलाय.

"तू आणि साचा?" "मग काय करू? तिचा हात बसेपर्यंत गिऱ्हाइकांना उपाशी ठेवू?" मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली. "आणि नाहीच बसला तरी तिचं काही अडत नाही. तिला नर्सिंगला जायचंय." मग साच्यातल्या एका मोदकाला बोट लावून म्हणाली, "पारी जाड झाली गं. साचा आहे म्हणून पीठ कोंबायचं नाही." मुलीने मान डोलावली. ती साच्याला आतून तुपाचं बोट फिरवत होती, पीठ कडांना दाबत होती, आणि उघडताना जीभ बाहेर काढत होती. तिचे मोदक सगळे सारखे दिसत होते, बाजूने बारीक शिवण आलेली. मावशीचे प्रत्येक नाकाशी थोडे निराळे. केळीच्या पानावर दोन्ही एकाच पात्रात उकडले. पानात वाढताना मावशीने निवड केली नाही. मी मात्र केली, आणि ते तिला दिसलं.

पुण्याला आल्यावर दोन रात्री बसून साइट नव्याने केली. वर्डप्रेस डॉट कॉम घेतलं, ते स्वतः सांभाळायचं नव्हे, भाड्याचं, जिथे कौलं ते लोक शाकारतात. मोबाइलवर ॲप आहे, मजकूर मराठीतून बोलूनही टाकता येतो, आणि कधी सोडावंसं वाटलं तर लिहिलेलं सगळं एका फाइलीत बाहेर निघतं. नावनोंदणी मावशीच्या नावावर, पत्रं तिच्या पत्त्यावर. तयार थीम घेतली. ती घेताना हात आखडत होता, लपवत नाही. ब्लॉकमध्ये मांडून दिलं: एका खोक्यात दर, एकात फोटो, एकात खोल्यांची माहिती. आणि काही बिघडू नये म्हणून वरची दोन-तीन खोकी हलणार नाहीत अशी कुलूप लावून बंद केली. चौथ्या दिवशी फोन. "ते वरचं चित्र हलत का नाही रे?" "मावशी, ते मुद्दाम तसं ठेवलंय." "घर माझं ना?" कुलूप काढलं.

त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. साइट आता जड उघडते. वर आंगणातल्या मांजरीचा फोटो आहे, खाली पुन्हा तीच मांजर. मोदकाचा दर लाल, सोलकढीचा गुलाबी, ओळी कुठे मधोमध तर कुठे डावीकडे. माझ्या पहिल्या साइटच्या ओळींमध्ये किती अंतर आहे ते मी मोजून ठेवलं होतं. ती फाइल अजून माझ्याकडे आहे, कधी कधी उघडून बघतो. एकदा रात्री माझ्याकडे पासवर्ड आहे म्हणून आत शिरलो, निदान तो गुलाबी तरी काळा करावा. कर्सर त्या ओळीवर नेऊन ठेवला, थोडा वेळ तसाच बसलो आणि बाहेर आलो.

परवा सकाळी सात वाजता ऑफिसला निघण्याआधी सहज पान उघडलं. मांजरीच्या वर, सगळ्यात वर, नवं खोकं होतं. ठळक, लाल, सहा वाजून बारा मिनिटांनी टाकलेलं.

'आज: मोदक नाहीत: नारळ खवट निघाले.'